रेघांची जाडी आणणारा माणूस

बीडमध्ये भाड्याने खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आधी विचारलं, "काय करता?" मी म्हणालो, गावोगाव फिरून कुणी कुणाकडून काय शिकलं ते विचारतो. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते हाय. पण काम काय करता?"

खोली मिळाली. या प्रश्नाचं लोकांना पटेल असं उत्तर मात्र दहा वर्षांत मला सापडलेलं नाही. 'सर्व्हे' म्हटलं की लोक रेशनकार्ड आणून समोर ठेवतात. 'कॉम्प्युटर' म्हटलं की बंद पडलेला मोबाईल हातात देतात आणि चहा टाकतात. 'शेती' म्हटलं की थेट वावरात नेऊन बोंडअळी दाखवतात. मी तिन्ही वेळा घाबरतो. दुरुस्त झालेला मोबाईल आणि मेलेली अळी यांतलं काहीच मला देता येत नाही, आणि चहा मात्र पिऊन झालेला असतो.

म्हणून आज एकदा नीट लिहून सांगतो.

आमच्या सरांनी पुण्याच्या संस्थेत कॉम्प्युटरमध्ये एक भातुकली मांडली आहे. त्यात गेवराई तालुक्यातलं प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका. ठिपका पांढरा असतो. त्या गावात शेतीची एखादी नवी गोष्ट कळली की तो हिरवा होतो. दोन गावांमध्ये जाणंयेणं, बोलणंचालणं असेल तर मध्ये रेघ. सोयरीक जास्त, बाजार एकच, तर रेघ जाड. तोंडओळख असेल तर बारीक. बटण दाबलं की पडद्यावर मिनिटाला एक वर्ष जातं आणि हिरवा रंग जाड रेघांवरून एका गावातून दुसऱ्या गावात पळतो. नवं ज्ञान कुठे जन्मतं, कुठून कुठे जातं आणि कुठे अडकून बसतं, हे यातून आधीच कळावं, असा सरांचा विचार. ते याला सिम्युलेशन म्हणतात.

आता या रेघा किती जाड काढायच्या, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? ते मी सांगतो. फॉर्म घेऊन माणसांना विचारतो, "ही गोष्ट तुम्ही कुणाकडून शिकलात?" उत्तर लिहून घेतो. शंभर फॉर्म झाले की एखादी रेघ केसभर जाड होते. पुण्यात बसलेल्या मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना जमत नाही असं तालुक्यातलं हे एकच काम मला जमतं, हे थोड्या गर्वाने सांगतो. गर्व झाला की मला लगेच भीती वाटते, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

मी मूळचा गुहागरकडचा. आठवी झाली आणि वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा शाळा सुटली. पुण्याला येऊन पुढे सरांच्या संस्थेच्या कॅन्टीनमध्ये चहा पोचवायला लागलो. एकदा सरांच्या खोलीत चहा ठेवताना पडद्यावर ठिपके दिसले. गावांचा नाद लागण्याआधी सर संस्थेच्याच खोल्यांवर तालीम करत होते: कुठल्या खोलीतली कल्पना कुठल्या खोलीत जाते. दुसरा मजला आणि तिसरा मजला यांच्यामध्ये त्यांनी चांगली मनगटाएवढी रेघ ओढली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे दोन मजले एकत्र चहा पीत नाहीत. गेल्या मे महिन्यापासून कप वेगळे जातात." सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बस." मी बसलो. संस्थेतल्या खुर्चीवर त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. दोन महिन्यांनी बीडला आलो. सरांचे उपकार मी कुठे ठेवू, मला कळत नाही.

पण त्याच वेळी ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं, "दहावी झालीय ना?" या जागेला किमान दहावी लागते. मी तोंडाने काही बोललो नाही. मान हलवली. ती मान नऊ वर्षं मला झोपू देत नव्हती. पुण्याहून पाकीट आलं की मी आधी ते कोपऱ्याला चाचपून बघायचो, आत दाखला मागणारं पत्र आहे का म्हणून. चाचपून ते कसं कळणार होतं, हे विचारू नका.

सरांनी मला कामाचा एकच नियम दिला होता. "सदानंद, विचारायचं. सांगायचं नाही." मी जर गावकऱ्यांना काही शिकवलं तर ज्ञान आपलं आपण किती पसरतं ते कळणार कसं? मापायला ठेवलेल्या दुधात मापणाऱ्यानेच पाणी ओतायचं नाही. मला पटलं. पटणं आणि जमणं यात अंतर आहे, ते पुढे येईलच.

जोडीला मिळाला दत्ता. गेवराईचाच. मोटारसायकल त्याची, रस्ते त्याचे, आणि कुठल्या घरी कोण कुणाशी बोलत नाही याची माहितीही त्याचीच. पहिल्या दिवशी मी फॉर्म भरताना त्याने मान वाकवून बघितलं. "काय लिव्हायलास बे यवढं? आपुन इचारलं काय, त्यो सांगितला काय, अन् तू पोथी लिव्हायलास." आजही तो माझ्या फॉर्मना पोथीच म्हणतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. उमापूरच्या बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, आंतरपीक घ्यायला कुणाकडून शिकलात? ते म्हणाले, "कुणाकडनंच न्हाई. मी जलमलो तव्हाच मला येत व्हतं." फॉर्ममध्ये 'जन्मतः' असा पर्याय नव्हता. नारायणगडाच्या यात्रेत एकजण तर हट्टालाच पेटला, की माझा फोटो कॉम्प्युटरमध्ये घाला. फोटो नसतो, नुसता ठिपका असतो, म्हटल्यावर म्हणाला, "मंग ठिपका तरी मोठा काढा. आमचं घराणं मोठं हाय."

आणि ते दोघं भाऊ. बांधावरून तक्रार, कोर्टात खटला, दहा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही. पण दोघांच्या वावरात ठिबकच्या नळ्या अगदी सारख्या, गाठीसुद्धा सारख्या मारलेल्या. थोरल्याला विचारलं, कुणाकडून शिकलात? "कुणाकडनं न्हाई." धाकट्यालाही तेच. दत्ता परतीच्या वाटेवर म्हणाला, "आरं, दोघं दिवसभर एकामेकाकडंच बघत बसत्यात. बायकोकडं बघत न्हाईत तेवढं." मी त्या दिवशी सरांना फोन करून विचारलं की भांडणाची रेघ जाड काढायची की बारीक. सरांनी सगळी हकीकत पुन्हा एकदा सांगायला लावली आणि मग म्हणाले, "जाड."

आता माझ्या चुकीकडे येतो. लांबवून उपयोग नाही.

आमचा फॉर्म मोबाईलवर भरायचा असतो. 'कुणाकडून शिकलात' याच्यापुढे शिकवणाऱ्याचं नाव आणि त्याखाली त्याचं गाव. गावाचा रकाना रिकामा ठेवला तर मोबाईल पुढे जात नाही. लाल अक्षरांत ओरडतो. उन्हाळा लागला की जिकडेतिकडे एकच उत्तर यायला लागायचं: "मेंढरावाली बाई सांगून गेली." ही बाई म्हणजे ठकूबाई. नवरा, दीर, दोन कुत्री आणि मोठा कळप घेऊन तालुकाभर फिरणारी. रान मोकळं झालं की शेतकरी तिला बोलावतात, वावरात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. दोन दिवस इथं, तीन दिवस तिथं. आणि ठकूबाई बोलकी. मागच्या गावात काय बघितलं ते पुढच्या गावात सांगितल्याशिवाय ती मेंढरू खाली बसू देत नाही.

पण ठकूबाईचं गाव कोणतं? मी तिलाच विचारलं होतं. "आज हितं," ती म्हणाली. "परवा इचार, परवाचं सांगते."

मोबाईल लाल अक्षरांत ओरडायला लागला. घाबरल्यावर मी जे नेहमी करतो तेच केलं. समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं. तो शेतकरी म्हणाला, "आसं करा, आबासायबांचं नाव टाका. मेंढरावालीचं नाव कागदावर कशाला? बरं दिसत न्हाई." आबासाहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथून जावं लागतं. मी आबासाहेबांचं नाव टाकलं, त्यांचं गाव टाकलं, मोबाईल शांत झाला. दुसऱ्या गावातही तसंच. पुढे पुढे मी न विचारताच टाकायला लागलो. तिकडची रीतच अशी की चांगल्या गोष्टीला मोठ्या माणसाचं नाव लावायचं, आणि मीही रीत पाळणारा माणूस.

परिणाम असा झाला की भातुकलीत आबासाहेबांच्या ठिपक्यातून चहूकडे रेघा सुटल्या. वडाच्या पारंब्या सुटाव्यात तशा. पुण्यात सर आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या पल्लवी मॅडम, दोघंही थक्क. एवढा ज्ञानी माणूस तालुक्यात आहे, आणि आपल्याला माहीत नाही. सर म्हणाले, आता परीक्षा घेऊ. एक नवी गोष्ट या एकाच माणसाच्या हातात द्यायची आणि बघायचं, भातुकली सांगते तशी ती खरोखर पसरते का. पसरली तर आमचं काम पुढे चालू राहणार, नाहीतर बंद. ते तज्ज्ञांच्या समितीसमोर ठरणार होतं.

नवी गोष्ट होती टोकण नळी. इकडे कापसाची सरकी वाकून वाकून एकेक दाणा मातीत लावतात. बायकांची कंबर जाते. ही नळी कमरेएवढी, खालचं टोक तिरकं कापलेलं. उभ्यानेच जमिनीत खुपसायची, वरून दाणा सोडायचा, पायाने माती लोटायची, पुढे जायचं. पाडव्याला आम्ही पन्नास नळ्या आबासाहेबांच्या ओसरीवर उतरवल्या. कॉम्प्युटरने सांगितलं होतं, पेरणीपर्यंत निम्मा तालुका हिरवा.

याशिवाय एक नळी नमुना म्हणून दत्ताच्या मोटारसायकलला बांधली. लोकांना दाखवून विचारायचं, अशी वस्तू पाहिली का? हो किंवा नाही, एवढंच लिहायचं. पण माणूस दारात उभा राहून विचारतो, "हे काय हाय वो?" विचारलेल्याला उत्तर न देता पुढे जाणं मला जमत नाही. माझा जन्म चहा देण्यात गेला.

पेरणी सुरू झाली आणि सर स्वतः आले. आम्ही आधी आबासाहेबांच्या वाड्यावर गेलो. बाहेर त्यांच्याच वावरात सात बाया कमरेत वाकून सरकी लावत होत्या. आत कोठीत पन्नास नळ्या, प्लास्टिकच्या पिशवीसकट. नाही, एकोणपन्नास. एक पंख्याच्या वायरीला टेकू दिलेली होती. आबासाहेब मनापासून म्हणाले, "सर, अशी मोलाची वस्तू अशीच कशी वाटायची? कार्यक्रम घेऊ. पावण्यांच्या हातानं वाटू. पावण्यांची तारीखच मिळंना."

सरांचा चेहरा बघून मला पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही.

गंमत पुढेच होती. तिथून निघून उमापूरच्या रस्त्याला लागलो तर एका वावरात बाई उभ्याने टोकण करत होती. हातात नळी. आमची नव्हे, पाण्याच्या जुन्या पाईपचा तुकडा, टोक कोयत्याने तिरकं छाटलेलं. पुढच्या गावात तसेच चार तुकडे. त्याच्या पुढच्या गावात एकाने वर फुटकी बाटली उलटी बसवून नरसाळं केलं होतं, म्हणजे आमच्यापेक्षा चांगलं. कॉम्प्युटरने पांढरी ठेवलेली गावं हिरवी, आणि हिरवं ठेवलेलं आबासाहेबांचं गाव पांढरंफटक.

सर बांधावर बसले. म्हणाले, "सदानंद, यांना कुणी सांगितलं?"

मला माहीत होतं. दत्तालाही माहीत होतं. तो गाडीचा प्लग काढून उगीच पुसत बसला. मी सांगून टाकलं. ठकूबाई, गावाचा रकाना, लाल अक्षरं, आबासाहेबांचं नाव. सर ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "किती फॉर्ममध्ये?" मी म्हणालो, "उन्हाळ्यातल्या सगळ्या." मग ते म्हणाले, "इथून पुढे रकान्यात बसत नाही ते समासात लिहायचं. खोटं रकान्यात बसवायचं नाही." मला काढून टाकलं की नाही हे त्या वाक्यावरून कळेना. विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कामाला गेलो.

पल्लवी मॅडमनी पुण्यात बसून भातुकली पुन्हा मांडली. गावाचा रकाना सैल केला. त्यात एक ठिपका असा टाकला की ज्याला गाव नाही, जो स्वतः चालतो, दोन दिवस थांबतो आणि पुढे जातो. बटण दाबलं तर हिरवा रंग बरोब्बर त्याच्या मागून चालायला लागला. जवळजवळ सगळं जुळलं. फक्त पाच गावं जुळेनात. तिथे कळप कधी जात नाही, तरी लोकांच्या हातात नळ्या. समितीच्या आधी हे कोडं सुटायलाच हवं होतं, म्हणून सर म्हणाले, "आता ज्यांचा ठिपका आहे त्यांनाच विचारू."

नारायणगडाच्या पायथ्याकडच्या एका पडीक वावरात ठकूबाईचा कळप बसला होता. दुपारची वेळ. पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला. उन्हात पडदा दिसेना, तेव्हा दत्ता आणि तिचा दीर घोंगडं धरून उभे राहिले. मॅडमनी बटण दाबलं. ठकूबाई चवड्यावर बसून बघत होती.

"ह्यो ठिपका म्हंजे मी?"

"हो."

"यवढीच?" मग पडद्याजवळ सरकून, "अन् मेंढरं कुठं हायेत?"

मॅडम म्हणाल्या, सगळा कळप मिळून एक ठिपका. ठकूबाईला ते आवडलं नाही. कुत्रीसुद्धा त्यातच? तिने विचारलं. पण ती बघत राहिली. ठिपका आबासाहेबांच्या गावाकडे वळला तशी तिने पडद्यावर बोट आपटलं. "हितं मी जात न्हाई. ह्यांच्या माणसांनी महं मेंढरू कोंडवाड्यात घातलतं." मॅडमनी घाईघाईने लिहून घेतलं. सरांनी मग ती पाच गावं दाखवली. इथे तुम्ही जाता का?

"न्हाई. तितं पाणी न्हाई."

"मग तिथे नळीचं कुणी सांगितलं असेल?"

ठकूबाईने सरांकडे असं बघितलं, जसं माझे घरमालक माझ्याकडे बघतात. "कुणी म्हंजे? ह्या कोकण्यानं. मला बी ह्यानंच शिकवली की. गाडीला बांधून हिंडतोय सगळ्या इलाख्यात. मपल्या पाईपचं टोक तर ह्यानंच छाटून दिलं."

घोंगडं हललं आणि पडद्यावर ऊन पडलं. कुणालाच काही दिसेना, ते मला बरं वाटलं.

सर म्हणाले, "सदानंद. किती गावांत?"

"जिथे कुणी विचारलं तिथे, सर."

"आणि न विचारता?"

"... दोन-तीन ठिकाणी. बाया फार वाकलेल्या होत्या."

नऊ वर्षं एकच नियम होता, आणि तो मी कमरेएवढ्या नळीने तालुकाभर मोडत फिरलो होतो. आता सगळं गेलंच आहे, तर मनावर आणखी ओझं कशाला, असं वाटून मी म्हणालो, "आणि सर, माझी दहावी झालेली नाही. आठवीच आहे."

दत्ता घोंगड्याच्या मागून म्हणाला, "आता हे काहून सांगायलास बे? ते कुणी इचारलंय का?"

सरांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे. ऑफिस दर वर्षी तुझा दाखला मागतं. मी दर वर्षी लिहितो, मागवला आहे." ते पुसत असलेली काच आधीच स्वच्छ होती. म्हणजे एक रकाना सरांनीही मनाने भरला होता. माझ्यासाठी. मी पायाकडे बघत राहिलो. तिथे एक मेंढरू माझ्या पिशवीतले फॉर्म हुंगत होतं.

ठकूबाईला आमचं दुःख काय ते समजेना. "त्यानं वाईट सांगितलं का काय? मही कंबर राहिली ना."

सर मॅडमकडे वळले आणि म्हणाले, "आणखी एक ठिपका टाका." मॅडमनी ठकूबाईच्या ठिपक्याचीच नक्कल केली आणि विचारलं, गाव काय लिहू? नकाशा तालुक्याच्या सीमेवर संपतो. गुहागर त्यात कुठून येणार. सर म्हणाले, "रिकामं ठेवा." रिकामं ठेवलं. लाल अक्षरं आली नाहीत. बटण दाबलं. आणि ती पाचही गावं, एकामागून एक, हिरवी झाली.

समितीसमोर सरांनी दोन्ही ठिपके दाखवले आणि त्यातला एक आपलाच माणूस आहे, हेही सांगितलं. काम पुढे चालू राहिलं. मला मात्र त्यांनी बजावलं, आता सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा असतो तो. भरला. बीडला परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक आधी माझ्याच पाया पडायला आले. त्यांना वाटलं कुणी मोठे साहेब तपासणीला आले आहेत. पास झालो, गणितात काठावर. दाखला पाकिटात घालून स्वतः ऑफिसला दिला. पाकीट देण्याआधी कोपऱ्याला एकदा चाचपून पाहिलं, सवयीने.

माझा ठिपका अजून भातुकलीत आहे. ठकूबाईच्या ठिपक्याची नक्कल असल्यामुळे त्याला वेगही मेंढरांचाच मिळाला. दत्ताला हे कळलं तेव्हा त्याने आपल्या गाडीचा अपमान म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तालुका ओलांडायला माझ्या ठिपक्याला उन्हाळा पुरत नाही. दोन दिवस थांबतो, तिथलं गाव थोडं हिरवं होतं, मग पुढे निघतो. मॅडम म्हणतात, वेग दुरुस्त करायचा राहिलाय, आठवण करा.

मी अजून केलेली नाही.